पायगुणाचं घर

"दाजी, पुन्यांदा म्हणा! माझ्या बहिणीला पायगुण न्हाय म्हणून पुन्यांदा म्हणा, आन् मग बघा ह्या मांडवाचं काय करतो ते!"

ओरडत होता तो माझा मेहुणा. वैरागच्या बाजारात बैलांचे सौदे करणारा गडी. तो कानाशी कुजबुजला तरी चार गाड्या पलीकडचे बैल कान टवकारायचे, आणि आज तर तो खरोखरच ओरडत होता. अंगणात मांडव. मांडवात वास्तुशांतीचा चौरंग. चौरंगापाशी हातातली पळी हवेत धरून बसलेले गुरुजी. आणि सगळ्यांच्या मधोमध नवं धोतर नेसून मी, जावळं काढायला बसवलेल्या पोरासारखा. पळता येत नाही आणि रडायचीही चोरी.

दारात एक परकं जोडपं उभं होतं. बाई पोटुशी, पोट चांगलंच दिसत होतं. तिनं दोन्ही हातांनी पदर पुढं पसरला होता, आणि त्या पदरात तिला माझं घर हवं होतं. तेच घर, ज्याची त्या क्षणी वास्तुशांत चालली होती.

हे कसं जुळून आलं ते सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरची ती वर्षं. सिमेंटला परमिट लागायचं आणि परमिटाला ओळख लागायची. माझी ओळख गावभर होती, पण परमिट देणारा तेवढा ओळख दाखवत नसे. म्हणून मी चुन्यावर भागवायचो. सोलापुरात पडकी घरं घ्यायची, दुरुस्त करायची, रंगवायची आणि विकायची, हा माझा धंदा. रंगारी मला सेठ म्हणायचे. बाकीचे काय म्हणायचे ते मी कधी विचारलं नाही.

सोलापूरच्या उन्हात घर रंगवणं म्हणजे काय ते बाहेरच्याला कळायचं नाही. चाचा, म्हणजे माझा रंगारी, कुंचा बादलीतून काढून भिंतीपर्यंत नेईतो चुना वाळलेला असायचा. एकदा तर भिंतीऐवजी मधल्या हवेलाच रंग बसला आणि आम्हाला तो झाडूनं खाली पाडावा लागला. एका घराच्या भिंतींवर जुने थर इतके होते की खरवडायला लागलो तेव्हा खोलीत एक बाज मावत होती आणि खरवडून झालं तेव्हा दोन. ती खोली मी मोठी म्हणूनच विकली. चाचा साक्षीला आहे. म्हणजे होता.

एका वेळी एकच घर घ्यायचं आणि त्याचं काम चालू असताना त्यातच राहायचं, ही माझी पद्धत. भाडं वाचायचं, राखण व्हायची. आणि कुणी घर बघायला आलं की त्याला चुलीचा धूर, वाळत घातलेलं लुगडं, फोडणीचा वास, सगळं मिळायचं. रिकामं घर बघून माणूस भिंतीच्या भेगा मोजतो. भरलेलं घर बघून म्हणतो, इथं माझी बाज टाकली तर कशी दिसेल? एकदा का त्यानं मनातल्या मनात बाज टाकली, की सौदा झाला.

या पद्धतीत नुकसान एकाच माणसाचं व्हायचं, माझ्या बायकोचं. घर पडकं असायचं तेव्हा ती त्यात यायची. डोक्यावर माती गळत असताना भाकऱ्या थापायची. घर नीट व्हायचं, भिंतींना पिवडी लागायची, दाराला ऑइलपेंट चढायचा, आणि तो वाळायच्या आत आमचं बिऱ्हाड टांग्यात. विकायच्या घरांना मी नेहमी पिवडीच द्यायचो, कारण तो पिवळा रंग कुणाला फार आवडत नाही, तसा कुणाला नकोही होत नाही. ओल्या रंगाचा वास गेलेलं घर कसं असतं, हे आमच्या हिला ठाऊकच नव्हतं.

आणि माझा एक नेम होता. विकायच्या घराची वास्तुशांत करायची नाही. वास्तुशांतीत घराच्या आग्नेय कोपऱ्यात वास्तुपुरुषाची छोटी प्रतिमा पुरतात. ती एकदा जमिनीत गेली की घर आपलं झालं. मग ते विकताना हात अडखळतो. माझा हात अडखळून चालणार नव्हतं, म्हणून मी वास्तुशांतीचं नावच काढत नसे. हिच्या आईनं लग्नानंतर तिला चांदीची एक प्रतिमा करून दिली होती, आपल्या घरात पुरायला म्हणून. ती हळदीच्या डब्यात असायची. घर बदललं की डबा बदललेल्या घरात जायचा, घर विकलं की परत टांग्यात. इतकी वर्षं हळदीत राहून ती चांदी सोन्यासारखी पिवळी दिसायला लागली होती. मी म्हणायचो, "बघ, तुझ्या हातात चांदीचं सोनं होतं." ती म्हणायची, "अवो, ते जिमिनीत जाऊ द्या की एकदा."

आता पायगुणाचं.

पहिलं घर घेतलं एका मास्तरानं. त्याची बदली केमला झालेली. रोज रेल्वेनं जाऊन-येऊन बिचारा निम्मा झाला होता. आमचं घर घेतलं आणि महिनाभरात बदली रद्द. दुसरं घर घेतलं त्या शिंप्याच्या मुलीचं अडलेलं लग्न जमलं. तिसऱ्या घराचा मालक म्हणाला की त्याची चोरीला गेलेली म्हैस आपल्या पायानं परत आली. मी सात रस्ता चौकातल्या हॉटेलात सांगताना त्या म्हशीबरोबर तिचं रेडकूही आणलं, पण मूळ म्हैस खरी होती.

हळूहळू गावात बोललं जायला लागलं की यांची मंडळी ज्या घरात राहून जाते, त्या घराला गुण येतो. एखाद्या सुनेच्या पायगुणानं सासरची भरभराट होते म्हणतात, तसा हिचा पायगुण, फक्त हिच्यामागून त्या घरात येणाऱ्याला लाभणारा. मला काय, आयतीच जाहिरात! मी भिंती दाखवायचं सोडून दिलं आणि बायको दाखवायला लागलो. गिऱ्हाईक आलं की, "अगं, पाणी आण," म्हणायचो. ही पाणी घेऊन यायची. उंच बाई, माझ्याहून चार बोटं उंच. दारात वाकून यावं लागायचं. गिऱ्हाईक पाणी प्यायचं विसरून तिच्या पायांकडे बघत बसायचं.

ती मात्र एकदा म्हणाली होती, "माजा पायगुण समद्यास्नी. मला कवा?"

मी हसलो होतो.

मग पूर्व भागातलं, विणकर वस्तीला लागून असलेलं ते घर आलं. तीन खोल्या एकामागं एक, खाली शहाबादी फरशी, मागं एवढंसं अंगण. दिवसभर शेजारच्या मागांची खटखट. पहिल्या दिवशी ती तिन्ही खोल्यांतून फिरली, मागच्या अंगणात उभी राहिली आणि म्हणाली, "ह्या घरातनं मी उठायची न्हाय."

नेहमीसारखी कुरकूर असती तर मी हसून नेली असती. पण आवाज वेगळा होता. चाचासुद्धा कुंचा बादलीत टाकून माझ्याकडे बघायला लागला.

बरं, म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एक घर गिऱ्हाइकाशिवाय नीट केलं. दाराची चौकट वर उचलून घेतली, म्हणजे तिला वाकायला नको. तिचं कपाळ सोलापुरातल्या निम्म्या चौकटींना ओळखत होतं. स्वयंपाकघरात कडाप्प्याचा ओटा घातला, उभ्यानं काम करायचा, आणि तो तिच्या कोपराच्या मापानं. कडाप्पावाला म्हणाला, "सेठ, एवढा उंच ओटा? कोण घेणार हे घर?" म्हटलं, "कुणीच नाही. तेच तर." रंग तिला विचारला. तिनं कैरीच्या सालीसारखा हिरवा मागितला. चाचानं तो चार वेळा कालवला. चार वेळा ती म्हणाली, न्हाय. पाचव्यांदा तिनं नुसता भिंतीवर तळवा टेकवला. तळवा हिरवा झाला. तो तिनं संध्याकाळपर्यंत धुतला नाही.

वास्तुशांतीचा मुहूर्त ठरला. वैरागहून मेहुणा आला, बरोबर शेंगांची पोती, गूळ, आणि वऱ्हाड म्हणावं इतकी माणसं. आग्नेय कोपऱ्यात नेमका ओटा. त्याच्या पुढ्यातली एक फरशी चाचानं उचलून खड्डा तयार ठेवला.

आणि गुरुजी संकल्पाला सुरुवात करणार तोच ते जोडपं दारात आलं.

नवरा विणकर, चार माग भागीदारीत चालवणारा. मागच्याच गल्लीत भाड्याच्या खोलीत राहणारा. मराठी बोलायचा, पण घाबरला की मध्येच तेलुगू यायची. त्यानं हात जोडले. "सेठ, घर द्या. काय मागाल ते देतो. आमची दोन लेकरं पाळण्यातच गेली. त्या खोलीतच गेली. आता हे तिसरं. सातवा चालू आहे. अक्का राहिलेल्या घरात लेकरू जगतं, असं म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सात रस्त्यावर तुम्हीच सांगितलं म्हणे."

मी लेकरांबद्दल एक शब्द बोललो नव्हतो. मी म्हैस सांगितली होती. फार तर रेडकू. पण गावात सोडलेली गोष्ट मी पायी जाईपर्यंत सायकलवर बसून पुढं गेली होती आणि आता अंगानं भरून माझ्याच दारात उभी होती. मी म्हणालो, "हे घर विकायचं नाही. बघताय ना, आमचीच वास्तुशांत चाललीय."

तेव्हा बाईनं पदर पसरला.

मी कधी नव्हे ते खरं बोलायचं ठरवलं. म्हणालो, "अहो ताई, पायगुण-बियगुण काही नसतं. त्या बोलायच्या गोष्टी."

आणि मांडवातून मेहुणा उठला.

"न्हाय? पायगुण न्हाय? दाजी, ही जन्मली त्या साली आमच्या हिरीला पानी लागलं! सात परस खणून खडक, आन् हिची पाचवी पुजली तवा झरा फुटला. इचारा की वैरागात कुनालाबी!" वऱ्हाडानं माना डोलावल्या. "आमची कपिली गाय पाय मोडून पडल्याली, हिनं हात फिरवला आन् दुसऱ्या दिवशी उठून चरायला गेली!"

ती पोटुशी बाई एकेक गोष्ट कान देऊन ऐकत होती आणि पदर आणखी पसरत होती. मी मेहुण्याचं धोतर ओढलं, डोळे मोठे केले, खोकलो. काही उपयोग नाही. तो म्हणाला, "म्हणा, हाय म्हणा! चार मानसात म्हणा!"

आता मी काय म्हणावं? पायगुण नाही म्हणालो तर बायकोचा अपमान, तोही तिच्या माहेरच्यांसमोर, तिच्या घराच्या मुहूर्तावर. आहे म्हणालो तर समोर पदर पसरून उभ्या असलेल्या बाईला कोणत्या तोंडानं नाही म्हणायचं? मला वर्षभरात विकता येणार नाहीत तितकी घरं मेहुण्यानं त्या पाच मिनिटांत विकली, आणि विकताना आपण बहिणीची बाजू घेतोय, अशी त्याची खात्री होती.

"हाय," मी म्हणालो. "पायगुण हाय."

"मग!" मेहुणा म्हणाला, मिशीवर ताव दिला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण काय केलं. तो हळूच खाली बसला.

ही स्वयंपाकघरातून बाहेर आली. सवयीनं वाकून आली. चौकट केव्हाच वर गेली होती, पण तिच्या मानेला ते अजून कळलं नव्हतं. हाताला पुरण लागलेलं. बाईसमोर जाऊन उभी राहिली.

"दोन गेली?"

"दोन, अक्का."

"दाईची सोय हाय का?"

"हाय. घरच नाही."

मी मध्ये पडलो. म्हटलं दुसरं घर देतो, याच्यापेक्षा मोठं, कमी भावात. बाई म्हणाली, "तिथं अक्का राहिल्या नाहीत." म्हटलं, ही तुमच्या खोलीत येऊन राहील आठ दिवस, मग तर झालं? बाई म्हणाली, "ती खोली नको. तिथंच दोन्ही गेली." मग मी गुरुजींकडे बघितलं. बुडणारा माणूस काठावरच्या गवताकडे बघतो तसं.

गुरुजी म्हणाले, "मुहूर्त चाललाय. संकल्पात यजमानाचं नाव आणि गोत्र घ्यावं लागतं. घर कुणाचं ते आधी ठरवा."

ही विणकराकडे हात करून म्हणाली, "ह्यांचं घ्या."

गुरुजींनी हातातली पळी खाली ठेवली.

"असं चालणार नाही," गुरुजी म्हणाले. "गर्भार बाई आणि तिचा नवरा, दोघांनाही वास्तुशांतीला बसता येत नाही. शास्त्रात नाही."

मला गुरुजींच्या पायांवर लोळण घ्यावीशी वाटली. "शास्त्रात नाही!" मी ओरडलो. "ऐकलंत? शास्त्रात नाही! आता काय करणार? बाळंत होऊ दे, मग बघू!"

बाई म्हणाली, "मी कशाला बसू? अक्कांनी बसायचं. अक्कांच्या हातानं पुरलेलं तेच तर मला पाहिजे."

माझं शास्त्र तिथंच संपलं.

हिनं हात धुतले आणि मला पाटावर बसवलं. आमचंच नाव, आमचंच गोत्र. होम झाला. गुरुजी सांगतील तसं मी पाणी सोडत होतो, अक्षता टाकत होतो, आणि कशावर सोडतोय ते मला कळत नव्हतं. तिनं हळदीचा डबा उघडून प्रतिमा काढली, पदरानं पुसली. पुसल्यावर खालची चांदी दिसली. मग ओट्यापुढं बसून तिनं ती खड्ड्यात पालथी ठेवली, माती लोटली. ज्या दिवसाची तिनं इतकी वर्षं वाट बघितली तो दिवस तिला सबंध मिळाला. मंत्र, होम, पुरणपोळी, माहेरची माणसं, सगळं यथासांग. एक घर तेवढं राहिलं.

चाचानं फरशी बसवली, सांध्यात चुना भरला, आणि उठताना माझ्या कानात म्हणाला, "सेठ, घर तो गया."

मी पुढच्या महिन्यात सौद्याला बसलो, नेहमीसारखा भाव चढवायला तोंड उघडलं, तेव्हा हिनं माझ्याकडे नुसतं बघितलं. मी तोंड मिटलं. त्या घरात मला फायदा झाला नाही. हे मी कुणाला सांगितलं तर कुणी विश्वास ठेवत नाही, म्हणून सांगत नाही.

मुलगा झाला. असा खणखणीत की त्याच्या पहिल्या रडण्यानं शेजारचे दोन माग बंद पडले आणि मागवाले सुताचे धोटे हातात धरून काय झालं ते बघायला आले. बारशाला आम्हाला मानानं बोलावलं. हिला पहिला मान दिला, मूल मांडीवर दिलं, ओटी भरली. ती हसत होती. मग पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ आली नाही म्हणून मी डोकावलो.

घरची बाई बुटकी. ओटा तिच्या छातीला लागत होता. म्हणून तिनं ओट्यासमोर जमिनीवर एक लाकडी पाट टाकून ठेवला होता, त्यावर चढून स्वयंपाक करायला. नेमका त्याच, प्रतिमेवरच्या फरशीवर. ही त्या पाटाच्या बाजूला उभी होती. दोन्ही कोपरं ओट्यावर टेकवलेली. बरोबर टेकत होती. मला बघून तिनं कोपरं उचलली आणि पाणी न पिताच बाहेर आली.

तोवर आम्ही दुसऱ्या पडक्या घरात राहायला गेलो होतो. बुटकी चौकट, गळकं छप्पर, भिंतीला कुठल्या तरी काळातली निळी. सात रस्त्यावर दोन-तीन गिऱ्हाइकं आधीच विचारत होती की यांची मंडळी तिथं कधीपासून राहतेय, अजून किती दिवस राहील. त्या विणकराच्या मुलानं हिची कीर्ती अक्कलकोटपर्यंत नेली होती. मी काही सांगितलं नव्हतं. शपथेवर सांगतो, मी गप्प होतो. पण आता माझ्या गप्प बसण्यालाही लोक अर्थ लावायला लागले होते.

बारशाहून परत आलो. ती दारात वाकली, तरी कपाळ टेकलंच. मी कंदील ठेवला आणि तिच्यासमोर उभा राहिलो. म्हणालो, "हे घर आपलं. ऐकतेस? चौकट उचलतो, ओटा घालतो. नवी प्रतिमा करू, मी स्वतः सोनाराकडे जातो. गावात कुणाला कळू देत नाही, दाराला कुलूप लावून आत रंगवतो. कुणी पदर पसरला तरी या खेपेला मी आडवा पडतो दारात. काय वाट्टेल ते होऊ दे, हे आपलं."

तिनं ओटीतला नारळ काढून कोनाड्यात ठेवला, मानाच्या लुगड्याची घडी घातली, आणि म्हणाली,

"पिवडीला चुना भिजत घातलाय का?"